रोप लागलं का?

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर आमच्या बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या वर्गातली एक मुलगी कॉलेजला यायची बंद झाली. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून सकाळच्या पहिल्या बसने येणारी, पहिल्या बाकावर बसणारी मुलगी. मुली अशा मधेच बंद झाल्या की आमच्याकडे पहिला अंदाज लग्नाचा असतो. मीही तोच केला, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीनंतर तिची आई स्टाफरूममध्ये आली. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देतील का, एवढेच विचारायला. मुलीच्या अंगावर निळे डाग उठू लागले होते. दात घासताना रक्त यायचे. आरतीला उभी असताना चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे तपासणी झाली आणि निघाले ते असे की, हाडातल्या मगजाने रक्त तयार करणे जवळजवळ थांबवले आहे. अप्लास्टिक ॲनिमिया. कॅन्सर नव्हे, पण त्याहून सौम्य म्हणावे असेही काही नव्हे. धाकट्या भावाचा मगज जुळतो आहे आणि मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तो तिला देण्याचे ठरले आहे. हे सगळे त्या माउलीने न रडता सांगितले. दारापर्यंत गेली आणि परत फिरून म्हणाली,

"सर, एक विचारू काय? घरच्या कुणाचं रक्त तिला घालू नका म्हणून सांगितलंय तिथल्या डॉक्टरांनी. आधी आम्हीच दिलं ओ. मी दोनदा दिलं, चुलत भावांनी दिलं, मामानं दिलं. ते ऐकून डॉक्टर गप्पच बसले. आमचं रक्त वाईट असतंय काय?"

मी मराठी शिकवणारा माणूस. "तसं काही नसतं हो" असे काहीतरी पुटपुटलो. तिचे समाधान झाले नाही हे मला दिसले, आणि माझेही झाले नाही. आमच्याच कॉलेजातून बारावी होऊन पुढे डॉक्टर झालेल्या एका विद्यार्थ्याला त्या रात्री फोन केला. तो एक तास बोलला. नंतर त्याने वाचायला कागद दिले, न समजलेले पुन्हा पुन्हा समजावून दिले. त्या माउलीला मी जे उत्तर देऊ शकलो नाही ते आज इथे लिहितो आहे. तिच्यासाठी उशीर झाला. दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ते वेळेवर पोचेल, एवढीच आशा.

अस्थिमज्जा हा पुस्तकातला शब्द. आपल्याकडे नळीतला मगज सगळ्यांना ठाऊक असतो, निदान मटण खाणाऱ्यांना तरी. माणसाच्या कमरेच्या, छातीच्या, मणक्यांच्या हाडांत हा मगज असतो आणि आपले सगळे रक्त तिथे तयार होते. धडधाकट माणसाच्या अंगात रोज सुमारे वीस हजार कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. तांबडी पेशी चार महिने टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तर दिवसभरही नाही. म्हणजे कारखाना बंद पडला तर माल किती दिवस पुरणार याचा हिशेब ठरलेला आहे. आधी ताप येतो, डाग उठतात, रक्त वाहते. मग माणूस पांढराफटक पडतो.

या कारखान्याच्या मुळाशी थोड्याशाच पेशी असतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. त्या स्वतःसारख्या पेशीही तयार करतात आणि तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट सगळ्यांना जन्मही देतात. रोग्याच्या मूळपेशी संपल्या किंवा बिघडल्या तर दुसऱ्याच्या आणून घालायच्या, हा बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा साधा अर्थ. मला वाटत होते, किडनी बदलतात तसे मोठे ऑपरेशन असणार. रोग्यावर कसलेही ऑपरेशन नसते. देणाऱ्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मगज ओढून घेतात. तो पिशवीत भरतात आणि रक्त चढवावे तसा रोग्याच्या शिरेतून सोडतात. तास-दोन तासांत पिशवी रिकामी. त्या पेशी रक्तातून फिरत फिरत आपोआप हाडात शिरतात. हाडातल्या पेशी एक रसायन सोडत असतात आणि मूळपेशीच्या अंगावर ते ओळखणारी खूण असते, त्या वासावर ती घर गाठते म्हणा.

मला हे अद्भुत वाटले. पण माझा डॉक्टर विद्यार्थी म्हणाला, "सर, घर गाठणं सोपं आहे. तिथं राहू देतात का, हा प्रश्न आहे."

माझे बालपण भाताच्या शेतात गेले आहे. तरवा टाकायचा, चिखल करायचा, मग तरवा उपटून जुड्या बांधून त्या चिखलात एकेक रोप लावायचे. लावून झाले की शेत हिरवे दिसत नाही, पिवळे पडते. आठ-दहा दिवस वडील बांधावर उभे राहून नुसते बघत. विचारले तर म्हणत, "अजून लागलं नाही." आणि एका सकाळी, दुरूनच, पात्यांचा रंग बघून म्हणत, "लागलं." मराठीत 'लागणे' या क्रियापदाला इतके अर्थ आहेत की शब्दकोशाची पाने खर्ची पडतात, पण रोप लागणे, कलम लागणे यातला अर्थ मला सर्वांत आवडतो. लावणे आपल्या हातात, लागणे नाही. दवाखान्यातही पिशवी रिकामी झाली की रोप लावले, एवढेच झाले. लागले की नाही ते कळायला दोन ते चार आठवडे जातात. कण चालतो तो असा : जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिला, तर लागले. मधल्या दिवसांत रोग्याच्या अंगात लढायला जवळजवळ कुणीच नसते. साधी बुरशी, साधा ताप जीव घेऊ शकतो.

आणि पूर्वी हे रोप लागतच नसे. १९५७ साली अमेरिकेत डोनल थॉमस या डॉक्टरांनी सहा रोग्यांना दुसऱ्याचा मगज दिल्याचे प्रसिद्ध केले. सहापैकी एकही शंभर दिवसांच्या पुढे जगला नाही. पुढच्याच वर्षी, १५ ऑक्टोबर १९५८ रोजी, बेलग्रेडजवळच्या विंचा येथील अणुसंशोधन केंद्रात अपघात झाला आणि काही तरुणांच्या अंगातून मारक किरण गेले. त्यांना विमानाने पॅरिसला नेले. तिथे डॉ. जॉर्ज माते यांनी पाच जणांना फ्रेंच दात्यांचा मगज दिला. ओळख ना पाळख, परक्या देशातल्या माणसांसाठी हाडात सुई टोचून घेणाऱ्या त्या दात्यांचे मला फार कौतुक वाटते. पाचांतले चार वाचले. दात्यांच्या पेशी त्यांच्या रक्तात काही काळ दिसल्याही. मग त्यांचा स्वतःचा मगज सावरला आणि त्याने पाहुण्यांना बाहेर काढले. १९७० साली एका संशोधकाने तोवर जगभर झालेल्या अशा सुमारे दोनशे प्रयोगांचा आढावा घेतला, तर निम्म्याहून अधिक रोग्यांत रोप लागलेच नव्हते. अनेक डॉक्टरांनी हा नाद सोडून दिला. थॉमस यांनी सोडला नाही. ते सिएटलला गेले आणि वर्षानुवर्षे कुत्र्यांवर प्रयोग करत राहिले. १९९० साली त्यांना नोबेल मिळाले.

रोप का लागत नव्हते? शरीर परक्याला ओळखते म्हणून. कशावरून ओळखते, हे ज्याने शोधले त्याची हकीकत आपल्या माउलीच्या प्रश्नाशी थेट जुळते. झाँ दोसे नावाचे फ्रेंच डॉक्टर होते. ज्या रोग्यांना पुष्कळ वेळा रक्त चढवले आहे त्यांच्या रक्तातला पातळ भाग दुसऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशींवर टाकला, की त्या पेशींच्या गुठळ्या होतात असे त्यांना दिसले. म्हणजे या रोग्यांच्या शरीराने परक्या पांढऱ्या पेशींविरुद्ध शस्त्र तयार करून ठेवले होते. त्यावरून १९५८ साली त्यांनी पांढऱ्या पेशींवरची पहिली खूण शोधली. आज ज्याला एच.एल.ए. म्हणतात आणि मगज जुळतो की नाही हे ज्यावरून ठरते, त्या खुणांचा शोध असा लागला. रक्त चढवलेल्या माणसांच्या अंगातून. दोसे यांना १९८० मध्ये नोबेल मिळाले.

एच.एल.ए.च्या खुणा अर्ध्या आईकडून, अर्ध्या बापाकडून येतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. आमच्या मुलीला एकच भाऊ आणि तो जुळला. मग अडचण कसली?

अडचण अशी की एच.एल.ए. म्हणजे घराण्याचे आडनाव. आडनाव एक असले तरी प्रत्येकाच्या चेहऱ्यात फरक असतोच. भावाच्या पेशींवर अशा कितीतरी लहानसहान खुणा असतात ज्या बहिणीच्या पेशींवर नसतात. या खुणा भावाला मिळाल्या कुठून? आईकडून आणि बापाकडून. त्यातल्या कितीतरी मामाकडेही असतात, चुलत भावांकडेही असतात. एरवी बहिणीच्या शरीराने त्या कधी पाहिलेल्या नसतात. पण आईचे रक्त चढवले, मामाचे चढवले, की त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींबरोबर त्या खुणा तिच्या अंगात जातात. शरीर त्या बघते, परके म्हणून नोंद करते, आणि विसरत नाही. लस टोचल्यावर जे होते तेच. दोन महिन्यांनी भावाचा मगज शिरेतून येतो तेव्हा पहारेकऱ्याकडे त्याचे वर्णन आधीच पोचलेले असते.

म्हणजे उत्तर असे, माउली : तुमचे रक्त वाईट नव्हते. ते तुमच्या मुलाच्या रक्ताच्या फार जवळचे होते, म्हणून ते घालायचे नव्हते.

हे सिएटलमध्ये कुत्र्यांवर पडताळून पाहिले गेले आहे. रायनर स्टॉर्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच वेतातली, खुणा जुळणारी पिले घेतली. नुसता मगज दिला तर तो लागे. पण ज्याचा मगज द्यायचा त्याचे रक्त आधी दोन-तीनदा दिलेले असले, तर बहुतेक पिले तो मगज झिडकारत. पुढे माणसांतही तेच निघाले. १९७० च्या दशकात अप्लास्टिक ॲनिमियाच्या रोग्यांत, भावंडाचा पूर्ण जुळणारा मगज देऊनही, सुमारे ३० टक्के जणांत तो नाकारला गेला. नाकारण्याची दोन मोठी कारणे सापडली. एक, आधी चढवलेल्या रक्तामुळे शरीर सावध झालेले असणे. दुसरे, दिलेल्या पेशी कमी असणे. १९८० साली त्याच डॉक्टरांनी ज्यांना मगज देण्याआधी रक्त चढवलेच नव्हते अशा तीस रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांच्यात नाकारण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

पण रक्त न चढवता रोगी ठेवणार कसा? प्लेटलेट पाच हजारांवर आलेल्या मुलीला रक्त नको म्हणता येत नाही. इथे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतली खरी सुधारणा आहे, आणि ती फार साधी आहे. सावध करतात त्या पांढऱ्या पेशी. मग रक्त चढवताना त्या गाळून काढायच्या. त्यासाठी गाळण्या मिळतात. शिवाय ती पिशवी एका यंत्रात ठेवून तिच्यावर किरण सोडतात, म्हणजे गाळणीतून निसटलेल्या पेशीही पुढे वाढत नाहीत. आणि रक्त घ्यायचे ते ब्लड बँकेतले, परक्याचे. घरच्यांचे नाही.

आमच्या भागात हे पटवणे अवघड आहे. घरात कुणी आजारी पडले की बापई माणसे दवाखान्याच्या आवारात बाही वर करून उभी राहतात. परक्याचे रक्त कशाला, आम्ही मेलो काय, हा आपला बाणा. त्या बाण्यात खोटे काही नाही. ब्लड बँकेत एका पिशवीबद्दल दुसरी मागतात तेव्हा जरूर द्यावी. ती दुसऱ्या कुणाला तरी जाते आणि त्यात काही बिघडत नाही. फक्त ती आपल्याच माणसाला चढवू नये, जर त्या माणसाला पुढे मगज द्यावा लागण्याची शक्यता असेल तर. थॅलेसेमियाच्या मुलांनाही हे लागू आहे. बाईमाणूस रोगी असेल तर नवऱ्याच्या रक्ताबाबतही तेच, कारण पुढे मुलगा किंवा मुलगी दाता ठरू शकते, आणि गर्भारपणातही आईच्या शरीराने मुलाच्या खुणा एकदा पाहिलेल्याच असतात. एक सांगतो : रक्त वाहते आहे, दुसरे रक्त मिळत नाही, अशा वेळी जे रक्त मिळेल ते घ्यावे. आधी जीव. त्या मुलीला पहिल्या दवाखान्यात घरच्यांचे रक्त दिले ते अशाच घाईत दिले. त्या दवाखान्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण जुळणी बघायची तपासणी पहिल्याच आठवड्यात झाली असती, आणि तीन महिने नुसत्या पिशव्यांवर गेले नसते, तर बरे झाले असते, हेही खरे.

बरे, आता झाले ते झाले. शरीर सावध झालेले आहे. मग रोप लावायचे कसे?

चिखल चांगला करायचा, तण काढायचे. मगज देण्याआधीचे काही दिवस रोग्याला जोरकस औषधे देतात. सायक्लोफॉस्फामाइड हे त्यातले मुख्य, चार दिवस. त्याच्या जोडीला ए.टी.जी. नावाचे एक औषध. ते कसे तयार होते ते ऐकून मी थक्क झालो. माणसाच्या लढाऊ पांढऱ्या पेशी घोड्याला किंवा सशाला टोचतात. त्याच्या रक्तात त्या पेशींविरुद्ध जे शस्त्र तयार होते ते काढून शुद्ध करतात आणि रोग्याच्या शिरेत सोडतात. म्हणजे पहारेकऱ्यांचा बंदोबस्त घोड्याकडून. आमच्या मुलीला ते देताना थंडी वाजून ताप आला, अंगावर पित्त उठले. तिच्या आईला वाटले, संपले. ते तसे व्हायचेच असते म्हणे.

नको एवढे रक्त आधी चढलेले असले, की पेशींची संख्या महत्त्वाची ठरते. स्टॉर्ब यांच्या हिशेबात रोग्याच्या वजनाच्या किलोमागे ३० कोटींहून कमी पेशी दिल्या तर धोका वाढत होता. त्यांत सगळ्या मूळपेशी नसतात, त्या शंभरांत एखादीच. हल्ली त्या मूळपेशींचीच मोजदाद करतात आणि किलोमागे निदान २० लाख तरी हव्यात असे मानतात. भाऊ सोळा वर्षांचा, अंगाने किरकोळ. त्याच्या कमरेतून पुरेसा मगज निघेल का, याची डॉक्टरांना काळजी होती. निघाला. तो दोन दिवस वाकून चालत होता आणि आपण काय केले याचा त्याला पत्ताच नव्हता. "इंजेक्शनासारखं" एवढेच म्हणाला.

ज्यांना जुळणारे भावंड नाही त्यांच्यासाठी पूर्वी काहीच नव्हते. अनोळखी दात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्था आता आहेत. आपल्याकडे चेन्नईची 'दात्री' २००९ पासून हे काम करते. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नोंदणी होते. माझ्या वर्गातल्या काही मुलांनी ती केली. मी पन्नाशीच्या आत आहे म्हणून मीही केली, पण तरुण दाते आधी बघतात असे कळले. दुसरी वाट अर्ध्या जुळणीची. आई, बाप, मूल यांच्याशी माणूस निम्मा जुळतोच. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी यात एक युक्ती काढली. मगज दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा सायक्लोफॉस्फामाइड द्यायचे. नुकत्याच घातलेल्या रोपावर तणनाशक फवारावे तसे हे ऐकायला वाटते. पण त्या दिवसांत भांडणाऱ्या पेशी, रोग्याच्याही आणि दात्याच्याही, भराभर वाढत असतात. औषध वाढणाऱ्यांना मारते. मूळपेशी शांत असतात आणि त्यांच्याजवळ ते औषध निकामी करणारे एन्झाइमही असते, म्हणून त्या वाचतात. यातून अर्धवट जुळणारा मगजही लागू लागला. मात्र त्याआधी रोग्याच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध शस्त्र तयार आहे का, हे तपासावेच लागते. असले तर दाता बदलतात, नाहीतर आधी ते शस्त्र उतरवतात. पुन्हा आपण त्याच मुद्द्यावर आलो : आधी कुणाचे रक्त चढवले आहे?

नाळेच्या रक्तातूनही मूळपेशी मिळतात. १९८८ साली पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी एका मुलाला नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले, ते पहिले. त्यात पेशी थोड्या, म्हणून रोप उशिरा लागते. आता त्या प्रयोगशाळेत वाढवून देतात. अशा एका उत्पादनाला अमेरिकेत २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्याच्या चाचणीत पांढऱ्या पेशी साधारण १२ दिवसांत आल्या, साध्या नाळरक्ताला २२ दिवस लागत होते. दहा दिवसांचा फरक ऐकायला लहान वाटतो. ज्यांनी काचेच्या दाराबाहेर ते दिवस काढले आहेत त्यांना विचारावे.

आपल्या देशात पहिले असे रोपण मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली झाले. डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मगज दिला. अडवाणी स्वतः लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीत असत. पायांमुळे त्यांना वैद्यकीय कॉलेजात प्रवेशच नाकारला होता, तो त्यांनी झगडून मिळवला. पुढे सिएटलला थॉमस यांच्याकडे शिकून आले. वर्गात मी ही गोष्ट सांगतो तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

आता आमच्या मुलीचे. फेब्रुवारीत तिला मगज दिला. भावाचा तिच्याशी रक्तगट जुळत नव्हता, तिचा बी, त्याचा ओ. मला वाटले होते हीच मोठी अडचण असेल. तर मगज देताना रक्तगट आड येत नाही, एच.एल.ए. जुळले पाहिजे. रोज संध्याकाळी तिची आई मला फोन करायची. कॉलेजचे काही नाही, नुसता आकडा सांगायला. "आज चाळीस आहेत म्हणतात." "आज पण चाळीसच." पंधराव्या दिवसापर्यंत आकडा हललाच नाही. आधी दिलेल्या रक्ताच्या पिशव्या मोजून मी इकडे रात्री जागा. तिला मी काहीच बोललो नाही. सतराव्या दिवशी एकशे दहा. मग तीनशे. विसाव्या दिवशी सहाशे वीस, आणि पुढचे दोन दिवस त्याच्याही वर. बाईने विचारले, "म्हणजे काय ओ सर?" मी म्हणालो, "लागलं." शेतकऱ्याच्या घरची बाई, तिला पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

सगळे सुरळीत झाले असे नाही. मधे अंगावर पुरळ उठले, पोट बिघडले. दात्याच्या पेशी नव्या घराशी भांडतात तो प्रकार. तो औषधांनी आटोक्यात आला. मगज नाकारला जाऊ नये म्हणून वर्षभर तरी गोळ्या घ्यायच्या आहेत. बरे वाटते म्हणून त्या बंद केलेल्यांचा लागलेला मगज महिन्यांनी सुटल्याची उदाहरणे माझ्या डॉक्टर विद्यार्थ्याने सांगितली. बाहेरचे खायचे नाही, गर्दीत जायचे नाही. भाऊ तेवढा तिला चिडवतो, माझ्या रक्तावर जगतेस म्हणून.

परवा ती कॉलेजला आली. तोंडाला मास्क, केस बोटभर वाढलेले, पुन्हा दुसऱ्या वर्षाला नाव घालायचे होते. ओळखपत्राचा अर्ज भरत होती. मी शेजारीच उभा होतो. रक्तगटाच्या रकान्यापाशी तिचे पेन थांबले. बी लिहिले, खोडले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"सर, यात आता काय लिहायचं?"

मी डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणालो. क्लार्कने अर्ज तसाच ठेवून घेतला.